अपेंडिक्सच्या कर्करोगासाठी घेतलेला दुसरा सल्ला : सोलापूरच्या सात रस्ता परिसरातील एका केंद्राचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मेहुण्यांचे अपेंडिक्स फुटले. शहरातल्याच एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, टाके काढण्याच्या दिवशी बायोप्सीचा अहवाल हाती आला आणि ‘आतड्याचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज’ एवढेच सांगून तेथील डॉक्टरांनी केमोथेरपीची तारीख दिली. त्या रात्री पुतण्याने मोबाइलवर चौथ्या स्टेजच्या कोलन (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरचे आकडे शोधून काढले. पाच वर्षांनंतर जेमतेम १३ ते १५ टक्के रुग्ण हयात असतात, हे अमेरिकेतील नोंदींवरचे प्रमाण वाचल्यावर, यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या या शेहेचाळीस वर्षांच्या माणसाने दुसऱ्याच दिवशी बँकेच्या सगळ्या खात्यांवर पत्नीचे नाव लावण्याचे अर्ज आणून ठेवले. एका परिचिताच्या सांगण्यावरून आम्ही सात रस्त्याजवळच्या ज्या सल्ला केंद्रात गेलो, त्याविषयी हे लिहीत आहे.

जागा लहान आहे आणि गाडी लावण्याची पंचाईत होते. वेळ घेऊन गेलो तरी दीड तास बसावे लागले. तपासणी फी १,५०० रुपये. स्लाइड पुन्हा तपासण्याचे पैसे वेगळे, पण ते आधी सांगितले जातात आणि पावती मिळते.

डॉक्टरांनी आमची फाइल चाळून पहिला प्रश्न विचारला तो ‘ब्लॉक कुठे आहे?’ हा. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक आणि त्यावरून केलेल्या काचेच्या स्लाइड या रुग्णाला मागता येतात, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. त्या आणून दिल्यावर, आतडे आणि पोट यांचेच आजार पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून नऊ दिवसांत नवा अहवाल मिळाला. तोपर्यंत आयुष्य किती राहिले, या प्रश्नाला डॉक्टरांनी अजिबात हात घातला नाही. आम्ही दोनदा छेडूनही ते बधले नाहीत; त्या वेळी राग आला होता, आज मात्र हीच त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

नवा अहवाल ‘लो-ग्रेड म्युसिनस’, म्हणजे मंद वाढणारा आणि चिकट स्राव करणारा, असा होता; लसिकाग्रंथी, यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ होती. त्यानंतरची चाळीस मिनिटे म्हणजे या सेवेचे खरे मोल. ‘मालक, स्टेज चौथीच आहे, पण आजार कोलनचा नाही,’ अशी त्यांनी सुरुवात केली. कोलनमधल्या गाठीच्या पेशी बहुधा लसिकाग्रंथींतून आणि रक्तातून यकृताकडे व फुप्फुसांकडे जातात. अपेंडिक्स ही करंगळीएवढी, एका टोकाला बंद असलेली नळी. तिच्यात चिकट स्राव करणारी गाठ झाली की नळी फुगते, फुटते आणि जेलीसारखा स्राव पोटाच्या अस्तरावर पसरतो. पोटाबाहेर तो सहसा जात नाही. कागदावर दोन्हींना चौथी स्टेजच म्हणतात, पण एकाचा अंदाज दुसऱ्याला लावणे चुकीचे आहे, आणि म्हणूनच २०१० साली अमलात आलेल्या स्टेज ठरवण्याच्या एजेसीसी या अमेरिकी नियमावलीच्या सातव्या आवृत्तीत अपेंडिक्सला कोलनपासून वेगळे काढून त्यात पेशींच्या ग्रेडलाही (पेशी किती आक्रमक दिसतात, यालाही) स्थान दिले गेले. (ऑड्री हेपबर्न ही अभिनेत्री २० जानेवारी १९९३ रोजी गेली, तेव्हा तिला कोलनचा कर्करोग होता असे अनेक ठिकाणी छापून आले, प्रत्यक्षात तो अपेंडिक्समधून सुरू झालेला होता. घोळ जुनाच आहे.)

आकडे त्यांनी दिले ते अटींसह. पोटात जेली पसरलेल्या, मूळ अपेंडिक्समध्ये असलेल्या २,२९८ रुग्णांचा १६ विशेष केंद्रांतील एकत्रित अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पोटातील सगळा दिसणारा आजार काढून, बहुतेकांना त्याच वेळी पोटात गरम केमोथेरपी फिरवून दिलेल्या या रुग्णांपैकी ६३ टक्के दहा वर्षांनी आणि ५९ टक्के पंधरा वर्षांनी हयात होते. ‘हे सगळे मोठी शस्त्रक्रिया झेपेल म्हणून निवडलेले रुग्ण होते, हे विसरू नका,’ असे लगेच बजावलेही. उलट, कोलनचा आजार पोटाच्या अस्तरावर पसरलेल्यांवर फ्रान्समध्ये जी चाचणी झाली आणि २०२१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात शस्त्रक्रियेला गरम केमोथेरपीची जोड देऊनही आयुर्मान वाढले नाही. दोन्ही गटांत निम्मे रुग्ण सुमारे ४१ महिन्यांपर्यंतच पोचले.

मेहुण्यांच्या पत्नीने तेवढ्यात विचारले, ‘म्हणजे अपेंडिक्सचा बरा असतो?’ तर डॉक्टरांनी त्यालाही सरळ होकार दिला नाही. अपेंडिक्सच्या कर्करोगाचे प्रकारच इतके वेगळे आहेत, की एक सेंटिमीटरहून लहान न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या) गाठीला बहुधा अपेंडिक्स काढणे पुरते आणि तो रुग्ण जवळजवळ बराच होतो, तर सिग्नेट रिंग, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली अंगठीसारख्या दिसणाऱ्या, पेशींचा प्रकार कोलनच्या अनेक रुग्णांपेक्षा वाईट वागतो. आणि स्राव न करणारा, कोलनसारखाच दिसणारा प्रकार उपचारांतही कोलनच्या वाटेने जातो. कोलनचा कर्करोगही एकच नव्हे: आतड्यापुरता असताना सापडला, तर अमेरिकी नोंदींत पाच वर्षांनी ९० टक्क्यांच्या आसपास रुग्ण हयात असतात. पाठपुराव्यातला फरक मला नवा होता. कोलनचा आजार परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत परततो, म्हणून पाच वर्षे स्वच्छ गेली की लोक पेढे वाटतात. आमचा मंद चालीचा असल्याने उशिरानेही डोके वर काढू शकतो, म्हणून स्कॅन आणि रक्तातील मार्कर (आजाराची चाहूल देणारे घटक) यांच्या तपासण्या दहा वर्षे करायचे ठरले आहे.

‘ही शस्त्रक्रिया येथे करू नका, वर्षाला अशा अनेक करणाऱ्यांकडे जा,’ असे सांगून त्यांनी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयासाठी पत्र दिले आणि आधीची केमोथेरपीची तारीख थांबवायला लावली. आपल्या दाराशी आलेला रुग्ण मुंबईच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसवून देणारे केंद्र मी तरी प्रथमच पाहिले. ज्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, तेथे एवढा सल्ला मिळायला परिचिताची ओळख लागावी, ही खंत मात्र आहे.

तक्रार एकच, पण लहान नाही. बाहेर पडताना स्वागतकक्षातून जे छापील मराठी पत्रक देतात, त्यात ‘मोठ्या आतड्याचा व अपेंडिक्सचा कर्करोग’ या एकाच मथळ्याखाली स्टेजवार टक्केवारीचा तक्ता आहे, आणि तो सगळा कोलनचा आहे. आत चाळीस मिनिटे जे समजावले, ते बाहेरचा कागद पुसून टाकतो. डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी आमच्या प्रतीवर पेनाने काट मारली. पुढच्या भेटीला गेलो, तर गठ्ठा तोच होता.

पाचपैकी चार. जाणाऱ्यांनी डिस्चार्ज कार्डावर विसंबू नये. ब्लॉक, स्लाइड आणि स्कॅनची सीडी सोबत न्यावी, नाहीतर पहिली भेट त्या मागवण्यातच जाते.