सिंथसाठी गिटार कोणती? गोडिन एक्सटीएसए आणि जीके-३ बसवलेली स्ट्रॅट, काही महिन्यांच्या वापरानंतर

गिटार घ्यायला गेलं की आपण आधी ती ॲम्पला न जोडताच छेडून बघतो. लाकूड किती बोलतं, सूर किती वेळ राहतो, पोटाला टेकलेल्या बॉडीत कंप जाणवतो का. सिंथ (गिटारमधून दुसऱ्या वाद्यांचे आवाज काढणारं यंत्र) आणि मॉडेलिंगच्या (एका गिटारमधून दुसऱ्या गिटारचा आवाज उभा करणाऱ्या) यंत्रांसाठी गिटार निवडताना ही परीक्षा जवळजवळ उलटी होते, असं माझं आता ठाम मत झालं आहे. नुसती हातात घेतल्यावर जी गाते, ती सिंथला जोडली की त्रास देते. जरा मुकी वाटते ती मुकाट्याने काम करते.

मी ठाण्याचा, वाद्यवृंदात वाजवतो. आमच्याकडे कीबोर्डवाला एकच. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांत बासरी, व्हायोलिनचा ताफा, सतार, अकॉर्डियन हे सगळं एकाच गाण्यात येतं आणि त्याच्या दोन हातांत मावत नाही. उरलेलं माझ्याकडे येतं. यंत्रं दोन आहेत: जुना रोलँड जीआर-५५, जो २०११ मध्ये बाजारात आला आणि आता बंद झालाय, आणि बॉस एसवाय-१०००. पहिल्यात नऊशेहून जास्त तयार आवाज आहेत. दुसऱ्यात तयार सँपल, म्हणजे खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित आवाज, नाहीत, पण गिटारचं मॉडेलिंग आणि सिंथ दोन्ही कितीतरी सरस. या दोघांना आलटून पालटून दोन गिटारी जोडल्या: कॅनडाच्या गोडिनची एक्सटीएसए, जुन्या बाजारातून घेतलेली, आणि माझी बरीच वर्षांची स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, जिच्यावर जीके-३ पिकअप बसवलाय.

ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, सहाही तारांचा मिळून एकच सिग्नल पाठवतो. इथे दर तारेचा सिग्नल वेगळा जातो, म्हणून केबल १३ पिनांची. सहा पिना सहा तारांच्या, एक गिटारच्या मूळ पिकअपची, बाकीच्या व्हॉल्यूम, दोन बटणं आणि अधिक-उणे सात व्होल्टच्या पुरवठ्यासाठी. एक मोकळीच. तारा वेगवेगळ्या पकडायचे मार्ग दोन आहेत. जीके-३ हा चुंबकीय, ब्रिजला अगदी खेटून बसणारा बारीक पिकअप. गोडिनमध्ये आरएमसी कंपनीचे पिझो आहेत, म्हणजे तार ब्रिजवरच्या ज्या सॅडलवर टेकते त्यातच कंप पकडणारा सेन्सर. माझ्या दोन गिटारींतला खरा फरक एवढाच, आणि सगळं भांडण त्यावरूनच आहे.

आधी ट्रॅकिंगबद्दल, म्हणजे यंत्राने सूर ओळखण्याबद्दल, कारण लोक गिटारला शिव्या घालतात त्या बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जातात. जीआर-५५ मधून बासरी वाजायची तर तुम्ही कोणता सूर छेडला हे यंत्राला आधी ओळखावं लागतं. त्यासाठी तारेचं निदान एक आवर्तन दिसावं लागतं, खात्रीसाठी दोन. मोकळी सहावी तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका आवर्तनाला १२ मिलिसेकंद आणि दोनांना २४. पहिल्या तारेची ३३० कंपनं, तिथे हेच काम ६ मिलिसेकंदांत उरकतं. कितीही महाग गिटार आणा, हे गणित बदलत नाही. म्हणून चेलोची ओळ मी सहाव्या तारेवर वाजवतच नाही. पॅच, म्हणजे यंत्रात साठवलेला आवाज, एक सप्तक खाली उतरवून ठेवतो आणि तिसऱ्या-चौथ्या तारेवर वाजवतो. ज्याला सिंथ ‘मागे राहतो’ अशी तक्रार आहे त्याने नवी गिटार शोधण्याआधी हे करून बघावं.

गिटारच्या हातात आहे ते वेगळंच: तारेचा सूर पहिल्या क्षणापासून स्वच्छ निघणं. फ्रेटवर तार किंचित घासत असेल तर ॲम्पमधून ते कानाला कळतही नाही, पण जीआर-५५ त्यालाही सूर समजतो आणि बासरीतून मध्येच एक किंकाळी बाहेर पडते. न वाजवलेली तार शेजारच्या तारेच्या नादाने हलू लागली की तिचाही सूर घुसतो. सुरेल, बोलक्या, भरपूर अनुनाद असलेल्या गिटारीत हे जास्त होतं. एरवी ज्या गुणांवर आपण भाळतो तेच इथे आडवे येतात.

आता गोडिन. पहिल्याच दिवशी आवडली, हे मान्य. तीन वेगळे आउटपुट आहेत: चुंबकीय पिकअपचा, पिझोतून येणारा अकूस्टिकसारखा, आणि १३ पिनांचा. एका कार्यक्रमात तीन गिटारी न्यायची गरज उरत नाही. पिझोचा आवाज थेट मिक्सरमध्ये दिला की ‘दर्दी’ गाण्यांतला अकूस्टिक ऱ्हिदम बेमालूम जमतो. मान सडसडीत, फ्रेट व्यवस्थित, सूर तासन्‌तास हलत नाही. जीआर-५५ मध्ये पिकअपचा प्रकार ‘पिझो आर’ निवडायचा, म्हणजे आरएमसी. तिथे जीके-३ तसंच ठेवून ‘आवाज पातळ येतो’ म्हणणारे वादक मला भेटलेत. त्यानंतर प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी: आपण ज्या जोराने वाजवतो त्यातल्या सर्वांत जोरदार फटक्याला मीटर भरत यावा, पण भरू नये.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती या कंपनीची नाही, पिझो या जातीचीच आहे. पिझोला तार आणि लाकूड यांत भेद कळत नाही. बॉडीवर अंगठी आपटली, ब्रिजवर तळवा जरा जोरात टेकला, पट्ट्याचं बक्कल घासलं, तर तेही सहा तारांतून आत जातं. घरी फरक पडत नाही. गणपतीच्या मांडवात पडतो. स्टेजखाली सबवूफर, शेजारी ढोल, लाकडी फळ्यांचं स्टेज. तिथे गिटार हातात नुसती धरून उभं राहिलं तरी सिंथचे दिवे लुकलुकतात. पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा आवाज, लावलेला असेल तर मागे हलकी गुरगुर सुरू होते. उपाय म्हणून गाण्याच्या मधल्या जागांत गिटारवरचा सिंथ व्हॉल्यूम शून्यावर आणायची सवय लावून घेतली. जमतं, पण गाणं चालू असताना लक्ष एका नॉबवर अडकतं.

स्ट्रॅटचं दुखणं नेमकं दुसऱ्या बाजूला. जीके-३ ला ढोलाशी देणंघेणं नाही. धातूची तार हलली तरच तो जागा होतो. पण लाइटवाल्याचे डिमर आणि मागची एलईडी वॉल यांचा हम, म्हणजे विजेची घरघर, सगळ्या चुंबकीय पिकअपना कमीअधिक लागतोच. तरी शेवटी हाच सोसायला सोपा. डिमरपासून चार पावलं सरकता येतं, गिटार थोडी तिरकी धरता येते. ढोलापासून सरकून जाणार कुठे?

मींडीच्या बाबतीत स्ट्रॅट स्पष्टपणे पुढे आहे, मात्र त्यासाठी तिच्यावर थोडं काम करावं लागलं. स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या ट्रेमोलो ब्रिजवर एक तार ओढली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. खाली षड्ज धरून वर बासरीची मींड घ्यायची असेल तर तो षड्जच बेसूर होतो. मी ट्रेमोलोमागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज कायमचा पक्का केला. स्प्रिंगांमध्ये फोम कोंबला, कारण त्या स्वतःच वाजत राहतात. मानेच्या वरच्या टोकाला, नटजवळ, तारांवर बायकोचा एक जाड हेअरबँड गुंडाळला. दिसायला अगदीच कसंतरी, पण मोकळ्या तारांचा उगाच होणारा नाद थांबला आणि घोस्ट नोट, म्हणजे न वाजवता घुसणारे सूर, निम्म्याने तरी कमी झाल्या. हे तीन उपाय फुकटचे आहेत आणि नव्या गिटारीच्या आधी करून पाहावेत असे. मींडीसाठी पॅचमध्ये क्रोमॅटिक (सूर अर्ध्या स्वरांच्या पायऱ्यांवरच ठेवणारी सेटिंग) बंद हवं, नाहीतर ओढलेला सूर पायऱ्या चढल्यासारखा जातो. हार्मोनियम-पियानोला मात्र तेच चालू ठेवायचं, कारण त्या वाद्यांना मींड नसतेच.

जीके-३ बसवणं हे एकदा करून विसरायचं काम नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअप यांत साधारण एक मिलिमीटर अंतर ठेवायचं, दोन्ही टोकांना. ठाण्या-मुंबईच्या पावसाळ्यात मान हलते, तारांची उंची बदलते आणि हे अंतरही बदलतं. जूनमध्ये नीट वाजणारी सहावी तार श्रावणात अचानक दबकी लागली तर पॅच उघडून बसू नका. आधी मान सरळ करणारा ट्रस रॉड आणि अंतर बघा. पिझोत हा भाग नाही, तिथे गोडिन निवांत.

तारांचं म्हणाल तर मी दोन्हींवर १०-४६ जाडीच्या लावतो (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागांत). ९ च्या तारा ओढायला हलक्या, पण जोरात छेडल्या की सुरुवातीला सूर वर जाऊन मग जागेवर येतो, आणि सिंथ ती गडबड इमानेइतबारे ऐकवतो. पिक ब्रिजजवळ न चालवता मधल्या पिकअपच्या आसपास चालवला की मूळ सूर ठळक निघतो आणि ओळख लवकर पटते. हे कुठल्याही गिटारला लागू.

मॉडेलिंगचा मामला सिंथपेक्षा निराळा. तिथे सूर ओळखायची भानगड नाही, तारेच्या लहरीलाच घडवून त्यातून दुसरी गिटार उभी केली जाते, म्हणून उशीर जाणवत नाही. एसवाय-१००० मध्ये १९८० च्या जीआर-३०० ची प्रतिकृतीही आहे, जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीच्या हातून जगाने ऐकलेला तो ट्रंपेटच्या जवळ जाणारा आवाज. तीही अशीच पटकन उमटते, आणि माझ्या मते या यंत्रातली सर्वांत ‘वाद्य’ वाटणारी गोष्ट तीच. मॉडेलिंगला मला जीके-३ जास्त पटला. इलेक्ट्रिक गिटारची मॉडेल्स पिझोवरून जरा कडक, काचेरी लागतात. चुंबकीयवरून त्यांना अंग येतं. फक्त पिकअप ब्रिजपासून किती मिलिमीटरवर आहे ते मोजून यंत्राला सांगायचं. अंदाजाने आकडा टाकलात तर मॉडेलही अंदाजेच वाजतं. अकूस्टिक आणि बारा तारांच्या मॉडेलला गोडिन बरी. सतारीचं मॉडेल दोन्हींवर सारखंच, म्हणजे दुरून सतार आणि जवळून खेळणं. गर्दीच्या गाण्यात खपतं.

पायाने ट्युनिंग बदलणं ही एसवाय-१००० ची चैन. पण खोलीत हळू आवाजात वाजवताना तारांचा खरा सूर कानावर येतो आणि बदललेल्या सुराशी भांडतो. हेडफोन घाला किंवा स्पीकर वाढवा. इथेही मुकी गिटार फायद्याची.

बाकीचे पर्याय मी मित्रांकडे हाताळलेत, त्यांच्याबद्दल जास्त बोलण्याचा अधिकार नाही. नायलॉनच्या तारा हव्या असतील तर चुंबकीय पिकअप बाद, गोडिनच्या मल्टिॲकसारखी पिझोवाली गिटारच लागेल. लाइन ६ ची व्हेरिॲक्स मॉडेलिंग आणि ट्युनिंगला फार सोयीची, पण तिला १३ पिनांचा आउटपुट नाही, त्यामुळे माझ्या कामाची नाही. लॅपटॉपवरच सगळं करणाऱ्याने फिशमनचा ट्रिपलप्ले पाहावा, वायर नाही हे सुख मोठं. आमच्या १३ पिनांच्या जाड केबलने स्टेजवर तुम्ही खुंट्याला बांधल्यासारखे असता. ती पट्ट्यातून वळसा घालून मगच लावा, आणि पिशवीत दुसरी असू द्या, कारण ही केबल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

मग आवडती कोणती? कार्यक्रमाला अजूनही बऱ्याचदा गोडिन नेतो, कारण अकूस्टिक, इलेक्ट्रिक आणि सिंथ एकाच मानेवर मिळतं आणि टेम्पोत जागा वाचते. पण दोनांतली एकच ठेवा म्हटलं तर स्ट्रॅट ठेवीन. सिंथवर वाजवताना कानात गिटारचा आवाज नसतो, फक्त हातात तिची मान असते, आणि ती मान मला झोपेतही ओळखू येते. तुमची पाठ असलेली मान दुसऱ्या गिटारची असेल, तर पिकअप तिच्यावर चढवा. लेस पॉल घाटाच्या गिटारीत ब्रिज आणि पिकअप यांत जागा अरुंद असते, तेवढी आधी मोजून घ्या.

आज सगळंच नव्याने घेणाऱ्याचं गणित थोडं बदललंय. २०२३ मध्ये बॉसने जीके-५ हा पिकअप आणि जीएम-८०० हा सिंथ आणले, त्यात १३ पिनांऐवजी साध्या दिसणाऱ्या जॅकमधून डिजिटल सिग्नल जातो. जुनी गिटार नव्या यंत्राला किंवा नवा पिकअप जुन्या यंत्राला जोडायचा तर मध्ये कन्व्हर्टरची डबी लागते, आणि ती दोन्ही दिशांना वेगळी. माझ्यासारखा जुना संसार असेल तर तो मोडायची घाई नको. कोरी सुरुवात असेल तर मात्र जुन्या बाजारात १३ पिनांची स्वस्त गिटार दिसली म्हणून उडी मारू नका. आधी यंत्र ठरवा, त्याला कुठला पिकअप चालतो ते बघा, गिटार शेवटी.