खाडीच्या गाळात सायबर ग्रीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मांडवीकाठच्या तिवरांखालच्या गाळातले जिवाणू आम्ही काही महिने सायबर ग्रीन हा चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतोय. आधी डापी होतं, त्याही आधी ॲक्रिडिन ऑरेंज; तेही असेच चमकणारे रंग. गाळ चिकणमातीचा असेल तर सायबर ग्रीनच घ्या. किनाऱ्यावरची वाळू असेल तर डापीवर भागतं, उगाच खर्च नको.

ॲक्रिडिन ऑरेंज पाण्यातल्या जिवाणूंच्या थेट मोजणीसाठी सत्तरच्या दशकापासून रुळलंय. पण चिखलात ते मातीच्या कणांवरही बसतं. सूक्ष्मदर्शकात दिसणारं सगळं फील्ड नारिंगी, मग दोन मोजणाऱ्यांचे आकडे जुळायचे कसे? डापी त्याहून बरं, तरी त्याचा निळा उजेड मंद. सायबर ग्रीन डीएनएला चिकटल्यावरच नीट उजळतं, त्यामुळे ०.२ मायक्रॉनच्या काळ्या फिल्टरवर हिरवे ठिपके ठसठशीत उठतात. शिवाय ते निळ्या प्रकाशावर चालतं, अतिनील फिल्टरचा संच लागत नाही.

तक्रारी आहेत. ठिपके भराभर विझतात, अँटीफेडशिवाय (चमक टिकवणाऱ्या द्रावणाशिवाय) एका फील्डवर रेंगाळायची सोय नाही. मूळ द्रावण १०,००० पट तीव्र आणि डीएमएसओ या द्रावकात असतं. ते साधारण १८ अंशांखाली गोठतं, म्हणून फ्रीझरमधून काढल्यावर पूर्ण वितळेपर्यंत पिपेट लावू नका. वितळलं की लहान ट्यूबांत वाटून अंधारात ठेवा. मेलेले जिवाणूही तितकेच चमकतात, आणि गाळातला मोकळा डीएनए पार्श्वभूमी धुरकट करतो. ही मोजणी एकूण पेशींची, जिवंत पेशींची नव्हे. (पोषक माध्यमाच्या प्लेटवर वाढणाऱ्या वसाहती बहुधा याच्या एक टक्काही भरत नाहीत, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडून वाद घालू नये.)

खरं काम मात्र रंगाच्या आधीच होतं. जिवाणू कणांना घट्ट चिकटलेले असतात. फॉर्मलिनने स्थिर केलेल्या नमुन्यात सोडियम पायरोफॉस्फेट घालून, बर्फात ठेवून, थांबून थांबून सोनिकेट करावं (अल्ट्रासाउंडने हलवावं) लागतं. कमी केलं तर ते सुटत नाहीत, जास्त केलं तर फुटतात. आम्ही वेगवेगळे वेळ लावून आलेख काढला आणि आकडा सर्वांत वर गेला तो वेळ धरला. रेतीसाठी ठरवलेला वेळ तिवरांच्या चिखलाला चालत नाही, तिथे ही चाचणी पुन्हा करावीच लागते.

विरलीकरणही तसंच. गाळात घन सेंटीमीटरला अब्जभर पेशी असणं नेहमीचंच. कमी विरल केलंत तर कण पेशी झाकतात, फार केलंत तर फील्डमध्ये मोजायला काही उरत नाही. आणि फॉर्मलिनमधले नमुने महिनोन्‌महिने ठेवू नका, आकडा घसरत जातो. लगेच गाळून स्लाइड करा आणि उणे २० अंशांवर ठेवा.