पोलिसांची गाडी ‘सासऱ्यांची’ म्हणून गळ्यात मारली

देवळाच्या पार्किंगमध्ये आम्ही सगळे उतरलो आणि बाबा मागच्या सीटवर दाराचा खटका ओढत बसून राहिले. दार उघडेना. चाइल्ड लॉक लागलं असेल म्हणून बघितलं, तसं काही नव्हतं. शेवटी मी बाहेरून उघडलं. ते नातवासमोर काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरला होता.

त्याच्या चारच दिवस आधी, मे २०१८ मध्ये, इथे मिशिगनमध्ये मी २००७ सालची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया ३,८०० डॉलरला घेतली होती. आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार होते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे आत बसायला-उतरायला सोपी, ऐसपैस गाडी हवी होती. त्या दृष्टीने ही निवड आजही मला चुकीची वाटत नाही. वेगळ्या फ्रेमवर बसवलेली बॉडी, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, रिअर-व्हील ड्राइव्ह, चार मोठ्या बॅगा गिळणारी डिकी. खड्ड्यातून जाताना अंगाला धक्का बसत नाही. पेट्रोल जास्त पिते आणि बर्फात मागची चाकं घसरतात, तेवढं सोसायचं.

विकणारा गोड बोलणारा होता. “सासऱ्यांची गाडी, रविवारी चर्चला जाण्यापुरती काढायचे.” मीटरवर ७१,००० मैल, आत नवंकोरं कार्पेट, खालून ताजा काळा रंग. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, मात्र एका कंपनीचं नाव, मागे त्यांची सही आणि खरेदीदाराचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणाला, सासऱ्यांचीच कंपनी. तिथेच मी परत फिरायला हवं होतं. परवाना न घेता, घरची गाडी असल्याचं भासवून धंदा करणारे लोक असेच कोरे टायटल हातोहात फिरवतात. मधल्या व्यवहारात त्यांचं नाव कुठेच उमटत नाही, मग धरायचं कोणाला?

दाराचं बघायला मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी लिफ्टवर घेण्याआधीच ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेशेजारच्या खांबावरची रबरी टिकली दाखवली. तिथे पोलिसांचा स्पॉटलाइट असतो. नव्या कार्पेटखाली भोकं पाडलेला पत्रा निघाला. मग त्याने व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचला: पाचव्या ते सातव्या जागी ‘पी७१’. म्हणजे पोलिस इंटरसेप्टर, फोर्डने खास पोलिसांसाठी बनवलेलं मॉडेल. मागचे दरवाजे आतून उघडू नयेत अशी सोय या गाड्यांत मुद्दाम करून घेतात, कारण मागे आरोपी बसतो.

आणि मीटर? मैल कदाचित खरेच असतील. १० वर्षांहून जुन्या गाडीचे मैल कागदावर लेखी द्यायचं बंधन तेव्हा नव्हतं, त्यामुळे तेही सांगता येत नाही. पण मेकॅनिकने मीटरवर इंजिन एकूण किती तास चालू होतं ते काढून दाखवलं: ८,२००. ७१,००० मैल ताशी ३० च्या सरासरीने धरले तरी २,४०० तासांच्या आसपास होतात. उरलेले ५,८०० तास गाडी रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून उभी होती. अशा उभ्या एका तासाची झीज साधारण ३३ मैल चालवल्याइतकी, हा फोर्डचाच हिशेब. म्हणजे मी अडीच लाख मैलांहून जास्त झिजलेलं इंजिन घेतलं होतं. खालचा काळा रंग खरवडला तेव्हा फ्रेमवर, हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने खाल्लेले गंजाचे पापुद्रे निघाले.

पोलिसांची गाडी घेणं गैर नाही. नगरपालिकेच्या लिलावात ती उघडपणे मिळते, बऱ्याचदा नियमित ऑइल बदललेली असते. पण मग किंमत त्या हिशेबाने द्यायची आणि आईबाबांना बसवण्याआधी दारं दुरुस्त करून घ्यायची. तुम्ही बघायला जाल तेव्हा आधी व्हिन वाचा. टायटलवरचं नाव आणि समोरच्याचं लायसन्स जुळतंय का ते बघा. स्वतः मागे बसून दार लावून घ्या आणि आतून उघडा. हे मी केलं नाही, कारण ट्रायल घेताना मी एकटाच होतो आणि पुढेच बसलो.

विकणाऱ्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. राज्याच्या कार्यालयात तक्रार केली, त्यांनी कागद ठेवून घेतले, पैसे आले नाहीत. दारं मेकॅनिकने तासाभरात नीट केली. बाबा मात्र परत जाईपर्यंत मागे बसले नाहीत.