लेस्नीच्या जुन्या मॅचबॉक्स की हॉट व्हील्स? (फरक शोधायची खोड असेल तर)

आधी एक ठरवा, तुम्हाला गाड्या जमवायच्यात की गाड्यांमधले फरक जमवायचेत. नुसत्या गाड्याच हव्या असतील तर सरळ हॉट व्हील्स घ्या, मॉलमध्ये मिळतात, दोनशेच्या आत काम होतं, घरातली पोरंही खूश. पण गाडी तीच, नंबर तोच, फक्त एकीची चाकं राखाडी आणि दुसरीची काळी म्हणून दोन्ही विकत घेणारी जी माणसं असतात (घरचे त्यांना काय म्हणतात ते सोडा), त्यांच्यासाठी लिहितोय. मी सहा-सात वर्षं हॉट व्हील्स केल्या, मग लेस्नीकडे (मॅचबॉक्स नावाच्या छोट्या धातूच्या गाड्या बनवणारी जुनी इंग्लिश कंपनी) वळलो आणि आता बहुतेक तिकडेच असतो, तेव्हा माझा काटा थोडा कललेला आहे हे धरूनच वाचा.

हॉट व्हील्सचं मोठं सुख म्हणजे गाडीचा जन्म कधीचा ते कळतं. बेसवर, म्हणजे गाडीच्या पोटाला, बारीक कोड असतो, अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडे म्हणजे आठवडा, 2008 ला ए पासून सुरू झालं, पी म्हणजे 2021, क्यू म्हणजे 2022. नवीन माणूस इथे हमखास गंडतो, कारण बेसवर कॉपीराइटच्या खुणेशेजारी जे ठळक साल असतं ते त्या कास्टिंगचं, म्हणजे साच्याचं असतं, ती गाडी बनल्याचं नाही. आमच्या ऑफिसातला एकजण नव्वदच्या दशकातली गाडी सापडली म्हणून डबा घेऊन आला होता, कोड बघितला तर माझ्या पोराच्या वयाची निघाली, बिचाऱ्याचा चेहरा पडला.

पण तिथले बरेचसे फरक कंपनीने ठरवून केलेले असतात. रंग बदलला, टॅम्पो (बॉडीवरची छापील नक्षी) बदलला, पाच आऱ्यांच्या चाकांऐवजी दुसरी चाकं आली, याला मी तरी कास्टिंगमधला फरक म्हणत नाही, नुसते कपडे बदललेत. साचा बदलला तर खरा फरक. तसे फरक हॉट व्हील्समध्येही आहेत, नाहीत असं नाही, 1968 ची पहिली कस्टम फोक्सवॅगन सनरूफवाली सगळ्यांकडे असते आणि बिनसनरूफवालीसाठी लोक वेडे होतात, पण ती आपल्या खिशाबाहेरची गोष्ट. आजच्या मेनलाइनमध्ये (दुकानातली नेहमीची स्वस्त मालिका) बघायचं म्हणजे मेटलचा बेस प्लास्टिकचा झाला का, एवढंच बऱ्याचदा उरतं. ट्रेझर हंट (नेहमीच्या गाड्यांत मिसळलेल्या मोजक्या खास गाड्या) वगैरे तर उघड उघड शोधायला लावायलाच केलेलं असतं, मजा येते, पण कुणीतरी आपल्यासाठी लपवलेली वस्तू शोधणं आणि कुणाच्या लक्षातच न आलेला फरक आपल्याला दिसणं, यात मला फार अंतर वाटतं. आणि दुकानात खोका फुटायच्या आधीच कुणीतरी आतल्या सगळ्या बघून गेलेला असतो, तो वैताग वेगळा.

लेस्नीत उलटं आहे. तिथले फरक बरेचसे आपोआप झालेत. आधी धातूची चाकं, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळी, आणि बदल होताना हातात जो माल असेल तो संपवायचा, त्यामुळे तोच ट्रक दोन-दोन तऱ्हेच्या चाकांवर सापडतो. ॲक्सलची टोकं आधी ठेचून चपटी केलेली असायची, नंतर गोल झाली. मध्येच कुठे काचा आल्या, कुठे बेसवर नंबर आला. मॅचबॉक्सच्या प्रत्येक गाडीला नंबर असायचा, त्यातली पाच नंबरची लंडन बस घ्या, तिची चार कास्टिंग्ज झाली, पहिली जेमतेम 5 सेंटीमीटरची आणि चौथी 7 च्या आसपास, चारी ओळीने ठेवल्या की पोरगं वर्षागणिक वाढल्यासारखं दिसतं. शिवाय बाजूच्या जाहिराती बदलत जातात, काही ट्रान्सफरच्या, काही स्टिकरच्या. 74 ची डेमलर बस क्रीम, हिरवी आणि लाल. आणि 13 नंबरचा बीपी या पेट्रोल कंपनीचा डॉज रेक ट्रक (बंद पडलेल्या गाड्या ओढणारा), नेहमीचा म्हणजे केबिन पिवळी आणि मागचा भाग हिरवा, पण थोडे उलट्या रंगांचे निघाले, ते मिळाले तर नशीब, आणि खोटेही फिरतात म्हणून आपल्याला मिळालाय असं वाटलं तर आधी संशय घ्या.

गंमत म्हणजे लेस्नीतले काही चविष्ट फरक हॉट व्हील्समुळेच झालेत. 1968 ला त्या सुळकन पळणाऱ्या गाड्या आल्या आणि लेस्नीची झोप उडाली, 1969 ला घाईघाईने सुपरफास्ट आणल्या, पातळ ॲक्सल, नवीन चाकं, आणि जुन्याच बॉडीत ती बसवायची म्हणून कितीतरी साचे चाकांच्या कमानीपाशी दुरुस्त केले. त्या मधल्या काळातली एकच गाडी जाड ॲक्सलची आणि पातळ ॲक्सलची अशी शेजारी ठेवून कमानी बघायच्या, माझे रविवार यात गेलेत.

आता ज्याच्यामुळे मी पलीकडे गेलो ते सांगतो, ते म्हणजे कार्ड, गाडी ज्या पुठ्ठ्यावर पॅक होऊन येते तो. हॉट व्हील्स कार्डावर असेल तर तिला भाव, उघडली की पडला. म्हणजे गाडी घ्यायची आणि हात लावायचा नाही. पहिली काही वर्षं हे पटलं होतं मला, प्लास्टिकची प्रोटेक्टर कव्हरं आणली, आडवी ठेवू की उभी यावर डोकं चालवलं. पण मी राहतो ठाण्यात, तळमजल्यावर, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर पापडसुद्धा मऊ पडतो, तिथे पुठ्ठ्याचं काय होणार. पहिल्या पावसात कार्डं नुसती वाकली, दुसऱ्या पावसात कडेला तपकिरी ठिपके आले, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, कपाटात बल्ब लावून बघितला, बायको म्हणाली कोंबड्या पाळल्यात का. एक ब्लिस्टर (गाडीवरचं पारदर्शक प्लास्टिक) तर गोंद सुटून आपोआपच उघडला. वाकलेल्या कार्डावरची गाडी विकायला काढली तर समोरचा आधी कार्डाच्या कोपऱ्यांचा फोटो मागतो, गाडी कशी आहे ते विचारतसुद्धा नाही. शेवटी एका जुलैच्या रात्री ब्लेड घेऊन बसलो आणि सतरा कार्डं उघडली. दोन-तीन वर्षं घरात असलेल्या गाड्या पहिल्यांदा हातात घेऊन उलट्यापालट्या करून बघितल्या, रिव्हेट बघितले, बेस बघितला, आणि मनात आलं की आपण आतापर्यंत पुठ्ठाच सांभाळत होतो.

लेस्नीचे डबेही पुठ्ठ्याचेच होते आणि डब्यासकट गाडी मिळाली तर किंमत चढते, हे खरं. पण डब्याशिवाय लेस्नी घेतली म्हणून कुणी नाक मुरडत नाही, आणि फरक बघणाऱ्याला तर ती मोकळीच लागते. दमट हवेत तिला फक्त अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसायचं. कुणाकडे कोरडी एसी खोली असेल, पुण्याच्या पुढे कुठे देशावर राहत असाल, तर माझा हा मुद्दा तुम्हाला लागू होणार नाही कदाचित.

लेस्नीचा त्रास वेगळा आहे, आणि कमी नाहीये. एकतर मिळायला वेळ लागतो, चोर बाजारात चकरा, पुण्याच्या जुन्या बाजारात चकरा, नाहीतर बोटीवर नोकरी केलेल्या कुणाच्या तरी माळ्यावरचा डबा, बाहेरून मागवली तर ड्युटी. दुसरं म्हणजे बनावट. एका विक्रेत्याकडून मी राखाडी चाकांचा म्हणून ट्रक घेतला, खूश होतो, चार दिवसांनी भिंगाखाली धरला तर पुढच्या ॲक्सलची टोकं गोल आणि मागची ठेचलेली, कानशीची ताजी चमक सुद्धा दिसत होती, म्हणजे चाकं कुणीतरी नंतर बसवलेली. पैसे गेले ते गेले. तसंच रंगाचं, बॉडी आधी रंगवून मग चाकं बसवत, त्यामुळे ॲक्सलच्या टोकावर बॉडीचा रंग दिसला तर ती पुन्हा रंगवलेली असायची शक्यता फार.

मधला रस्ता हवा असेल तर आपल्याकडे बनलेल्या बघा. लिओ मॅटेलच्या (हॉट व्हील्सवाल्या मॅटेलची इथली कंपनी) मेड इन इंडिया हॉट व्हील्स निघायच्या, त्यांचे काही रंग बाहेर कुठे नाहीत, आणि परदेशातले लोक त्यांच्या मागे असतात. त्याआधी कलकत्त्याच्या निकी टॉइज डिंकी या दुसऱ्या इंग्लिश ब्रँडच्या जुन्या साच्यांवर गाड्या काढायच्या, बेसवरचं डिंकीचं नाव खोडलेलं असायचं, ते खोडकाम निरखत बसायलाही मजा येते.

लेस्नी घ्यायचं ठरलं तर सुरुवात पाच नंबरच्या चौथ्या बसपासून करा, मला तरी ती सगळ्यात सहज मिळाली. जरा टवके उडालेली चालेल, फक्त दहा पटीचं भिंग बरोबर न्या आणि पैसे द्यायच्या आधी चारी चाकांची टोकं सारखी आहेत का ते बघा.