पोल्ताव्हाचं वस्तुसंग्रहालय: आधी बाहेरूनच पाहा

इमारतीला पाचपैकी पाच, आतल्या मांडणीला साडेतीन. तिकीट काढून थेट आत शिरलात तर फसाल. युक्रेनमधल्या पोल्ताव्हाच्या या संग्रहालयातला सर्वांत मोलाचा ऐवज कपाटांत नाही, भिंतींवर आहे.

या भिंती सजवल्या वासिल क्रिचेव्स्की (१८७३–१९५२) यांनी. ते चित्रकार होते आणि वास्तुकारही, पण वास्तुशास्त्राची पदवी मात्र नव्हती. खार्किवच्या रेल्वे तांत्रिक शाळेतलं शिक्षण आणि वास्तुविशारदांच्या हाताखाली आराखडे काढताना बसलेला हात, एवढंच भांडवल. पुढे १९१८ साली युक्रेनच्या नव्या प्रजासत्ताकासाठी त्रिशूळाचं राजचिन्हही त्यांनीच रेखलं.

इमारत १९०३ ते १९०८ या काळात बांधली गेली ती झेम्स्त्वोसाठी. झेम्स्त्वो म्हणजे आपल्या जुन्या जिल्हा लोकल बोर्डाच्या जातकुळीतली संस्था. आधी रेनेसाँ वळणाचा आराखडा मंजूर होऊन पायाही घातला गेला होता. स्थानिक कलावंतांनी युक्रेनी शैलीचा आग्रह धरला, तेव्हा काम क्रिचेव्स्कींकडे आलं. त्यामुळे सांगाडा बराचसा दुसऱ्याचा आणि तोंडवळा त्यांचा. हे ठाऊक असलं की इतक्या रंगीत दर्शनी भागामागे बऱ्यापैकी शिस्तीची कचेरी का दडली आहे, ते कळतं.

पाहायला सुरुवात दाराखिडक्यांपासून करा. वरचे दोन्ही कोपरे तिरके छाटलेले आहेत, म्हणून उघडा भाग षटकोनी दिसतो. हा आकार युक्रेनच्या लाकडी घरांतून आणि चर्चमधून आला. तिथे वरचे कोपरे तिरके भरून घेतले की आडव्या तुळईचा मोकळा गाळा आखूड होतो आणि ती कमी वाकते. विटांच्या बांधकामातही हा हिशेब चुकत नाही. नंतर हीच खूण युक्रेनी आधुनिक शैलीच्या असंख्य इमारतींवर आली. पुष्कळांनी ती नुसती नक्षी म्हणून चिकटवली, इथे ती भिंतीच्या अंगातून आल्यासारखी वाटते.

मग मायोलिका, म्हणजे झिलई दिलेल्या भाजक्या मातीचं काम. मातीचा तुकडा एकदा भाजायचा, झिलई द्यायची आणि पुन्हा भाजायचा. तांब्याच्या भस्माने हिरवा रंग येतो, लोह आणि मँगेनीजने तपकिरी, कोबाल्टने निळा. पोल्ताव्हाच्या उत्तरेला ओपिश्न्या हे कुंभारांचं जुनं गाव आहे, तिथल्या कारागिरीचा हात या कामाला लागला आहे. प्रवेशदाराभोवतीची वेलबुट्टी जवळून बघा आणि दर्शनी भागावरची तालुक्यांची मानचिन्हं रस्त्यापलीकडून. दुर्बीण असेल तर घेऊन जा, फोनच्या झूममध्ये झिलईची चमक सगळी धुऊन जाते.

अशा कामाचा शत्रू हिवाळा. सांध्यातून पाणी झिलईमागे शिरतं, गोठलं की फुगतं आणि झिलईचा पापुद्रा निघतो. कडा आणि पागोळ्यांखालच्या जागा आधी जातात. पाहताना नजर तिथेच न्या.

आतल्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: जे दिसतं ते सगळं १९०८चं नाही. १९४३ साली जर्मन फौजा माघार घेत असताना इमारत जळाली. सेर्ही वासिल्किव्स्की यांनी सहकाऱ्यांसह रंगवलेले भव्य चित्रफलक त्यात गेले. आजचं अंतरंग नंतर पुन्हा उभं केलेलं आहे. तरीही दुमजली उंचीच्या दालनातून जिना चढताना मूळ कल्पनेचा दम जाणवतो.

संग्रहाचं मूळ १८९१चं, मृदाशास्त्रज्ञ वासिली दोकुचाएव्ह यांच्या पुढाकाराचं. म्हणून मातीचे नमुने आणि प्राणी एका बाजूला, पुरातत्त्व आणि भरतकाम दुसऱ्या बाजूला. १९०६ साली कातेरिना स्कार्झिन्स्का यांनी आपला अख्खा खासगी संग्रह दिला, तिथून संग्रहालय खरं श्रीमंत झालं. पण सभा आणि कचेऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत एवढं सगळं मांडायचं म्हणजे ओढाताण होणारच. साडेतीन गुण त्यामुळेच. वेळ कमी असेल तर पेंढा भरलेले प्राणी सोडा, कापड आणि माती सोडू नका.

फेब्रुवारी २०२२पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे पोलंडहून रेल्वेने कीव आणि तिथून रेल्वेनेच पुढे. पोल्ताव्हात दोन मुख्य स्थानकं आहेत, कीव्स्का आणि पिव्हदेन्ना. तिकिटावरचं नाव वाचून उतरा. हवाई हल्ल्याचा भोंगा कधीही वाजू शकतो, जवळचा निवारा आधी विचारून ठेवा. मार्च २०२२मध्ये सुमीत अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना बसने आणलं ते याच शहरात, आणि क्रिचेव्स्कींचं जन्मगाव वोरोझ्बा त्याच सुमी प्रांतातलं.

बाहेर पडल्यावर लगेच निघू नका. संग्रहालयाजवळच युक्रेनचे राष्ट्रकवी तारास शेव्हचेन्को यांचं १९२६चं स्मारक आहे, इव्हान कावालेरिद्झे यांनी काँक्रीटच्या कोनाकोनांत घडवलेलं. एवढ्या वेलबुट्टीनंतर ते आधी रुक्ष वाटतं. दहा मिनिटं बसा, मग पुन्हा इमारतीकडे वळून बघा.