फोमचा सोफा-कम-बेड, परभणीतला उन्हाळा काढल्यावर

दिवाळीत घेतला, आता पोळा आलाय. बैठक छान आहे, फोम दबलेला नाही, घडीचे कब्जे कुरकुरत नाहीत. पाहुणे आले की कामाला येतो. तक्रार आहे ती त्याला लटकवलेल्या ‘अग्निरोधक फोम’ या कार्डाबद्दल.

दुकानदार म्हणाला, “भाऊ, याला जाळ लागतच नाही.” म्हटलं, घातलंय काय त्यात? “ते कंपनीला माहीत.” कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, “सर्व मानकांनुसार.” कोणती मानकं, ते गुलदस्त्यातच.

साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. म्हणून त्यात आग मंदावणारी रसायनं मिसळतात. पण त्यातली बरीचशी फोमशी पक्की जोडलेली नसतात. हळूहळू बाहेर पडतात आणि घरच्या धुळीत जाऊन बसतात. उष्णतेत जास्तच, आणि आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. नवेपणाचा वास पंधरवड्यात गेला, पण वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नाही. घरात रांगणारी नात आहे, तिचा हात फरशीवरून थेट तोंडात.

फोममध्ये पूर्वी सर्रास वापरलं जाणारं पेंटाबीडीई हे ब्रोमीनचं आगरोधक रसायन 2009 साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदी यादीत गेलं. आपल्याकडे 2018 च्या नियमांनी त्यावर बंदी आली. त्याच्या जागी आलेल्या रसायनांपैकी टीडीसीपीपी या क्लोरीनवाल्याचं नाव 2011 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कर्करोगकारक यादीत आलं. मुळात नुसत्या फोमला ज्योत लावून बघायची ही रीत कॅलिफोर्नियानेच 1975 मध्ये आणली होती. 2013 मध्ये त्यांनीच ती बदलली. आता वरचं कापड धुमसतंय का ते बघतात, आणि ही परीक्षा रसायनाशिवायही पास होता येते. आमच्या कार्डावर यातलं अक्षर नाही.

मध्यंतरी चेन उघडून पाहिली. कोपऱ्याच्या शिवणीत पिवळसर भुगा साचलेला, बोटाला चिकटणारा. शिंप्याकडून जाड सुती कापडाची घट्ट खोळ शिवून घेतली. सोफ्याखाली आता झाडू नाही, ओलं फडकं. जेवायच्या आधी नातीचे हात साबणाने.

आणि आगीचं म्हणाल तर आमच्या गल्लीत भीती सोफ्याची नाही, कूलरच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून दिलेल्या जोडाची आहे. तिथे चांगली वायर आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. कापसाची गादी निर्धोक असंही नाही, ठिणगी पडली तर ती आतल्या आत धुमसत राहते.

पाचपैकी तीन. फोममध्ये काय आहे ते कंपनीने लिहून दिलं तर चौथा तारा देईन.