जुनी फोर-बाय-फोर आणि मागे अवजड ट्रेलर: काही महिन्यांच्या वापरानंतर

कामासाठी जुनी फोर-बाय-फोर घेताना बहुतेक जण इंजिनाची ताकद, धावलेले किलोमीटर आणि फोर-व्हील ड्राइव्ह लागते की नाही एवढे पाहून व्यवहार उरकतात. मागे जड ट्रेलर ओढायचा असेल, तर या तिन्हींच्या आधी गाडीच्या दारापाशी किंवा बॉनेटखाली लावलेली वजनांची पाटी वाचावी, असे माझे आता पक्के मत झाले आहे. माझे काम म्हणजे दोन एक्सलच्या ट्रेलरवर लहान खोदाई यंत्र चढवून ते कामाच्या जागी नेणे. ट्रेलर आणि यंत्र मिळून वजन सुमारे २,५०० किलो भरते. गाडी लॅडर चासिसवरची (शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावरची), डबल कॅब (आसनांच्या दोन ओळींची), टर्बो डिझेल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची आणि पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्हची (एरवी मागच्या चाकांवर चालणारी, पुढची चाके हवी तेव्हाच जोडणारी) आहे. तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही. एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्यांमध्ये आधीच्या मालकांच्या वापरामुळे इतका फरक पडतो की नावावरून निवड करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

जाहिरातीत 'ओढण्याची क्षमता ३,५०० किलो' असे ठळकपणे लिहिलेले असते, पण तो आकडा एकटा कधीच खरा नसतो. त्याच्यासोबत तीन मर्यादा पाहाव्या लागतात: गाडीचे स्वतःचे भारासह कमाल वजन, गाडी व ट्रेलर यांच्या जोडीचे कमाल वजन, आणि टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर जेथे गाडीला जोडतात त्या गोळ्यावर, येणारा कमाल दाब. समजा रिकाम्या गाडीचे वजन २,१०० किलो आहे आणि जोडीची मर्यादा ६,००० किलो आहे. ३,५०० किलोचा ट्रेलर जोडला, की गाडी, माणसे, डिझेल आणि अवजारे यांना मिळून २,५०० किलोच उरतात, म्हणजे रिकाम्या गाडीवर फक्त ४०० किलो. दोन धडधाकट माणसे, पुढचा लोखंडी बंपर, मागची पेटी, जादा बॅटरी आणि हत्यारांचा डबा एवढ्यातच हा हिशेब संपतो. जुन्या गाड्यांवर आधीच्या मालकाने हौसेने चढवलेले लोखंड खरेदीच्या वेळी फुकट मिळाल्यासारखे वाटते, पण ते तुमच्या ओढण्याच्या वजनातून वजा होत असते. म्हणून गाडी पसंत पडली तरी पैसे देण्यापूर्वी ती वजनकाट्यावर उभी करावी, आणि पुढचे व मागचे एक्सल वेगवेगळे तोलून घ्यावे.

मागचे एक्सल वेगळे तोलण्याचे कारण असे की बॉलवरचा भार तरफेसारखा काम करतो. ट्रेलर सरळ चालावा म्हणून त्याच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा बॉलवर यावा लागतो. तीन टनांच्या ट्रेलरसाठी हा भार ३०० किलो झाला. बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे असेल आणि दोन एक्सलमधले अंतर ३ मीटर असेल, तर मागच्या एक्सलवर ३०० नव्हे, ४२० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १२० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही मवाळ होतात. हा भार कमी करण्यासाठी यंत्र ट्रेलरवर मागे सरकवण्याचा मोह होतो, पण मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढताच शेपटासारखा हलू लागतो. मी यंत्र उभे करण्याची जागा ट्रेलरच्या फळीवर रंगाने आखून ठेवली आहे आणि त्या रेघेबाहेर ते कोणालाही ठेवू देत नाही.

क्षमतेच्या आकड्यांविषयी आणखी एक गोष्ट जुन्या गाडीच्या ग्राहकाने ध्यानात ठेवावी. अमेरिकेत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये जे-२८०७ ही चाचणीपद्धत आणली. तीत ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढणीवर, ३८ अंशांच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, भार ओढत ठरावीक किमान वेग राखावा लागतो. पद्धत ऐच्छिक होती. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ती सर्वांआधी स्वीकारली आणि इतर कंपन्या त्यानंतर आल्या. त्याआधीच्या अमेरिकी पिकअपचा आकडा म्हणजे ज्या त्या कंपनीने आपल्या रीतीने काढलेला आकडा. तेव्हा दोन कंपन्यांच्या जुन्या गाड्यांचे आकडे शेजारी मांडून तुलना करणे निरर्थक आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. इंजिन दुरुस्त होते, गिअरबॉक्स बदलता येतो. चासिस वाकले किंवा आतून गंजले, तर मात्र गाडी कामातून गेली असे समजावे. डबल कॅब गाडी बाजूने पाहताना कॅब आणि मागचा हौदा यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते निरखावे. ती वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, तर मागच्या जास्त भाराने चासिस कॅबच्या मागे वाकल्याची शंका घ्यावी. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना मदत म्हणून बसवलेल्या हवेच्या फुग्यांमुळे गाडी मागून उचललेली दिसते, पण फुगे चासिसच्या एकाच बिंदूवर रेटा देतात आणि मर्यादेबाहेर भरलेल्या गाडीत हे वाकणे तेथेच सुरू होते. हिचच्या (टो बॉल धरणाऱ्या जोडणीच्या) बोल्टभोवतीचे तडे, तेथे नव्याने मारलेला काळा रंग, घासून अंडाकृती झालेला टो बॉल, सपाट पडलेले पाटे या खुणा गाडीने आयुष्यभर काय ओढले ते मालकापेक्षा स्पष्ट सांगतात. गंज बाहेरून दिसतो त्याहून चासिसच्या पोकळीत, जेथे चिखल साचून राहतो तेथे, जास्त असतो. हातोडीने हलके ठोकत गेले, की आवाजातला फरक कळतो. समुद्राच्या पाण्यात होडी उतरवण्यासाठी वापरलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

डिफरेन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या व मागच्या एक्सलकडे पाठवणारी पेटी) यांचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधट असेल, तर पाणी शिरले आहे. झाकणाच्या चुंबकावर बारीक करडी भुकटी चालते, कपचे चालत नाहीत. पुढची चाके जोडणारे हब वर्षानुवर्षे न वापरल्याने जाम झालेले असतात, म्हणून मऊ मातीत फोर-व्हील लावून पुढची चाके खरोखर ओढतात का ते पाहिल्याखेरीज लिव्हर हलला यावर समाधान मानू नये.

फोर-व्हील ड्राइव्हचा उपयोग मला वाटला होता त्याहून वेगळ्या ठिकाणी झाला. पक्क्या रस्त्यावर ती कधीच लागत नाही, आणि पार्ट-टाइम व्यवस्थेत तेथे लावायचीही नसते. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, मधे डिफरेन्शियल नसल्याने तो फरक कोठेच सामावत नाही, आणि शाफ्टांना पीळ बसतो. कामाच्या जागेवरच्या चिखलातून भरलेला ट्रेलर बाहेर काढताना मात्र लो रेंजला, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणाऱ्या गिअरजोडीला, पर्याय नाही. इंजिन जवळजवळ नुसत्या आयडलवर असते आणि गाडी माणसाच्या चालीने, क्लचला त्रास न देता पुढे सरकते. अडचण येते ती पक्क्या चढावर ट्रेलर मागे घेताना. तेथे लो रेंज हवी असते, पण ती लावली की चारही चाके जोडली जातात, आणि वळवत मागे घेताना सगळी गाडी आखडते. साध्या रिव्हर्समध्ये घ्यावे, तर क्लचचा वास सुटतो. डिफेंडरसारख्या गाड्यांत चारही चाकांना कायम ताकद मिळते आणि मधले डिफरेन्शियल हवे तेव्हाच लॉक होते, त्यामुळे त्या हे काम लो रेंजमध्ये निवांत करतात. पजेरोची १९९१ पासूनची सुपर सिलेक्ट व्यवस्था पक्क्या रस्त्यावर चारही चाके चालवू देते, पण लो रेंजमध्ये तीही मधून लॉक होते. ट्रेलर रोज मागे घ्यावा लागणाऱ्याने हा फरक इंजिनाच्या सीसीपेक्षा अधिक बारकाईने पाहावा.

वापरात सर्वांत जास्त त्रास उष्णतेने दिला. रिकामी गाडी कितीही चालवली तरी तापमानाचा काटा हलत नसे, पण लांब चढावर भार असताना तो वर सरके. रेडिएटर धुऊन झाला, थर्मोस्टॅट बदलून झाला, आणि अखेरीस दोष पंख्याच्या व्हिस्कस क्लचमध्ये सापडला: गरम झाल्यावर पंख्याने घट्ट फिरायला हवे, तो सैल फिरत होता. असा दोष भाराशिवाय घेतलेल्या चाचणीत कळतच नाही. म्हणून विकणारा तयार असेल, तर स्वतःचा ट्रेलर जोडून चढावर चाचणी घ्यावी, आणि तो तयार नसेल, तर त्यातूनही काही कळले असे मानावे. मोठ्या भारात पाचवा गिअर मी वापरतच नाही. अशा अनेक गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सरळ (शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरवणारा) असतो आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरवणारा), ज्याच्या दातांवर कमी आरपीएमला मोठा ताण येतो.

ब्रेकविषयी थोडक्यात. अनेक देशांत ७५० किलोंपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि अडीच टन मागे असताना ही सक्ती कोणाला जाचक वाटणार नाही. माझ्या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक आहेत व त्यांचा नियंत्रक डॅशबोर्डवर हाताशी आहे. ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटर सोडून, फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावला की तो ताणून सरळ होतो. जुन्या गाडीत या नियंत्रकाची वायरिंग आधीपासून असेल, तर ती कोणी कशी जोडली आहे ते उघडून पाहावे.

टायर चारही एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. त्यांवरचा भारांक वाचावा: ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो आणि १२१ म्हणजे १,४५० किलो. ट्रेलर जोडला की डिझेल साधारण दीडपट लागते, त्यात नवल काही नाही.

पुढची गाडी घेताना मी ऑटोमॅटिक शोधेन. तीत क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीच्या क्षणी ताकद वाढवून देतो आणि चढावर मागे घेताना जळायला क्लचच नसतो. मात्र तीच ताकद तेलात उष्णता ओतते, म्हणून त्या तेलासाठी रेडिएटरच्या बाहेर वेगळा कूलर बसवलेला हवा आणि तेल मोजण्याच्या काडीवरचे तेल लालसर हवे. तपकिरी आणि करपट वासाचे तेल असलेली गाडी मी दुसऱ्यांदा पाहायला जाणार नाही.